पक्षाघातानंतर घरी व्यवसायोपचार: पेशंटचा विश्वास कसा बसतो, कुठे तुटतो, कसा सांधायचा

उंबरठा (धागाकर्ता)

पक्षाघाताच्या पेशंटना घरी जाऊन उपचार देणाऱ्या ओटींसाठी (ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे व्यवसायोपचारतज्ज्ञ) हा धागा आहे. विद्यार्थ्यांनी आणि पेशंटच्या घरच्यांनीही वाचावा, अडलेलं विचारावं.

‘पेशंटशी नातं चांगलं ठेवा’ हे कॉलेजात सगळेच ऐकतात, आणि त्याचा अर्थ ‘गोड बोला’ एवढाच घेतला जातो. एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये उपचारातल्या नात्याचे तीन भाग सांगितले: कशासाठी करायचं यावर एकमत, काय करायचं यावर एकमत, आणि एकमेकांवरचा विश्वास. मांडणी मानसोपचारातली आहे, पण आपल्या कामाला चपखल बसते. घरोघरी नातं फिसकटतं ते बहुतेक वेळा पहिल्या दोन भागांत. आजोबांना लेंग्याची नाडी स्वतः बांधायची असते, कारण ती दुसऱ्याकडून बांधून घेताना त्यांची मान खाली जाते. आपण त्यांना रोज वीस शंकू उचलून ठेवायला लावतो. शंकू पकडण्याचा आणि नाडी पकडण्याचा संबंध त्यांना कोणी सांगितलेला नसतो. आठवड्याभरात ते ‘आज अंग दुखतंय’ म्हणू लागतात आणि फाइलमध्ये ‘सहकार्य कमी’ अशी नोंद पडते.

पहिल्या भेटीला तासभर ठेवा. नाव, राज्य परिषदेतला नोंदणी क्रमांक आणि आपण काय करतो हे आधी सांगा. ‘ओटी’ म्हटलं की घरच्यांना ऑपरेशन थिएटर आठवतं, आणि ‘व्यवसायोपचार’ म्हटलं की धंदा. म्हणून सरळ सांगावं: आंघोळ, जेवण, कपडे, पूजा, हिशोब, दिवसभरात माणूस जे जे करतो ते पुन्हा करता यावं म्हणून हे उपचार.

मग खुर्ची ओढून पेशंटच्या डोळ्यांच्या पातळीवर बसा. पलंगाशी उभं राहून बोललात तर ती डॉक्टरांची फेरी होते. पहिली पंधरा मिनिटं तपासणीची पिशवी उघडायची नाही. ‘काय त्रास आहे?’ विचारलं की उत्तरात आजाराचा इतिहास येतो. त्याऐवजी ‘कालचा दिवस सांगा, उठल्यापासून’ असं विचारा. चहा कोणी पाजला, दाढी कोणी केली, दुपारी कुठे बसले, कशाचा राग आला, सगळं त्यात येतं.

नंतर त्यातलं एकच काम जिथे होतं तिथे जाऊन बघा. बाथरूममध्ये स्टुलाची उंची मोजा, बादली कुठल्या बाजूला आहे ते बघा, टॉयलेटचा जेट कुठल्या हाताला येतो ते बघा. आणि निघण्यापूर्वी एक गोष्ट तरी त्याच दिवशी सोपी करून द्या. ताट सरकत असेल तर खाली ओला, पिळलेला नॅपकिन. चमचा निसटत असेल तर दांड्याला कापड गुंडाळून साधारण ३ सेंटीमीटर जाडी. पाच मिनिटांचं काम आहे, पण हा माणूस आपल्या उपयोगाचा आहे हे त्यातून पेशंटला कळतं.

मनगट

चांगला विषय. ‘कशासाठी’ यावर एकमत करायला आपल्याकडे हत्यार आहे, पण ते नीट वापरलं जात नाही. कॅनेडियन ऑक्युपेशनल परफॉर्मन्स मेजर, म्हणजे सीओपीएम, १९९१ पासून वापरात आहे. पेशंटनेच अडचणी सांगायच्या, प्रत्येक अडचणीचं महत्त्व १ ते १० मध्ये ठरवायचं, त्यातल्या जास्तीत जास्त पाच निवडायच्या. मग प्रत्येकीसाठी दोन आकडे: किती जमतं आणि जमण्यावर किती समाधान आहे. पुन्हा मोजताना सरासरीत साधारण २ गुणांचा फरक पडला तर तो अर्थपूर्ण धरतात.

चूक इथे होते: समाधानाचा आकडा विचारायचाच राहतो. जेवण ‘६ जमतं’ पण समाधान २, याचा अर्थ पोटात अन्न जातंय पण ज्या पद्धतीनं जातंय ती माणसाला पटलेली नाही. नात्याच्या दृष्टीनं हा दुसरा आकडाच जास्त बोलतो.

पायरी

इंटर्नशिप सुरू आहे म्हणून विचारते. वयस्कर पेशंट सगळ्यालाच ‘पाच’ म्हणतात. किंवा ‘तुम्हीच ठरवा, तुम्हाला जास्त कळतं’. तिथे काय करायचं?

मनगट

१ ते १० ही मोजपट्टी अनेकांच्या बोलण्यातली नसते. आण्यांची असते. ‘रुपयात किती आणे जमतं?’ विचारलं की सत्तरीतली बाई क्षणात ‘चार आणे’ म्हणते. पण हे फक्त गप्पा सुरू करायला. आणे बदलून फॉर्मवर आकडा भरलात तर ते प्रमाणित मोजमाप राहत नाही, नंतर त्याची तुलना करता येणार नाही. आण्यांवरून बोलणं झालं की १० पायऱ्यांचा जिना कागदावर काढा आणि ‘आता कितव्या पायरीवर?’ असं बोट ठेवायला सांगा. फॉर्मवर तो आकडा लिहा.

‘तुम्हीच ठरवा’ हे आदरानं म्हटलेलं असतं, त्यावर वाद नको. तीन पर्याय ठेवा, तिन्ही त्यांच्या कालच्या दिवसातून उचललेले. ‘शर्टाची बटणं, हातानं जेवण, की देवापुढे निरांजन लावणं? यातलं आधी कुठलं?’ एक निवडलं की ‘हेच का?’ असं विचारून गप्प बसा. ते ‘का’चं उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. पुढे कंटाळा आला की तेच वाक्य वाचून दाखवता येतं.

वाचासखी

अफेजिया (मेंदूला इजा झाल्यानं बोलणं किंवा बोललेलं समजणं अडणं) असलेल्या पेशंटबद्दल लिहिते. इथे नातं जुळायच्या आधीच तुटतं, कारण सगळे त्याच्या डोक्यावरून घरच्यांशी बोलू लागतात.

वाचा गेली म्हणजे बुद्धी गेली नाही, हे त्याच्यासमोर मोठ्यानं, घरच्यांना ऐकू जाईल असं सांगा. प्रश्न एका वेळी एकच. विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा. ही शांतता आपल्यालाच सहन होत नाही, म्हणून आपण प्रश्न बदलून पुन्हा विचारतो आणि त्याला सगळं पहिल्यापासून समजून घ्यावं लागतं. त्याचं वाक्य आपण पुरं करायचं नाही, तो मागत असेल तरच शब्द द्यायचा.

‘हो’ वर लगेच विश्वास नको. काही जणांच्या तोंडून प्रत्येक प्रश्नाला ‘हो’च निघतो. तोच प्रश्न उलटा विचारून खात्री करा: ‘चहा हवाय?’ आणि थोड्या वेळानं ‘चहा नको ना?’. दोन्हीला ‘हो’ आला तर चित्रं किंवा मोठ्या अक्षरांत लिहिलेले दोन-तीन शब्द समोर धरा आणि बोट ठेवू द्या. मान, डोळे, हाताचा इशारा, सगळं उत्तर म्हणून चालतं.

आणखी एक. मोजणी, आरती, अभंग हे पाठ असलेलं पुष्कळदा सलग बाहेर पडतं, एरवी बोलणं अडलेलं असलं तरी. घरच्यांना आनंद होतो आणि पाहुण्या-रावळ्यांसमोर ‘म्हणून दाखवा’ सुरू होतं. पेशंटला ते परीक्षेसारखं वाटतं. त्याच्या इच्छेनं, दिवेलागणीच्या वेळी, सगळ्यांबरोबर म्हणू दे.

दिंडीदरवाजा

वाचासखींना पूर्ण अनुमोदन. आता स्पर्श आणि घरातली माणसं.

आपण हात लावतो ते पेशंटच्या निकामी झालेल्या, त्याला लाज वाटणाऱ्या अंगाला. दर वेळी तीन गोष्टी सांगून हात लावायचा: कुठे, कशासाठी, किती वेळ. ‘खांद्याच्या पात्याखाली हात ठेवतोय, पातं सरकतंय का बघायला, अर्धं मिनिट.’ लुळा खांदा पहिल्याच भेटीत दुखवला तर पुढचे दोन आठवडे तो हात आपल्याजवळ येत नाही. बगलेत हात घालून उठवायचं नाही, मनगट धरून ओढायचं नाही, हात कोपरापाशी आणि पात्यापाशी आधार देऊन उचलायचा. डोक्यावरून दोरी ओढायची कप्पी घरात कुणी लावून ठेवली असेल तर ती थांबवा, पण घरच्यांना मूर्ख ठरवून नव्हे. त्यांनी ती प्रेमानं आणि खर्च करून लावलेली असते. ‘हिनं खांद्यात वेदना वाढतात, तिच्याऐवजी टेबलावर दोन्ही हातांनी टॉवेल पुढे सरकवूया’ म्हणून बदली काम लगेच द्या.

स्त्री पेशंट आणि पुरुष थेरपिस्ट असेल तर घरातली कोणती बाई सोबत बसावी हे पेशंटलाच विचारा. सून चालेल असं गृहीत धरू नका. आधाराचा पट्टा साडीवरून बांधायच्या आधी दाखवा, स्वतःच्या कमरेला बांधून. सुजलेल्या हातात बांगड्या किंवा अंगठी रुतत असेल तर काढणं गरजेचं असतं, पण सवाष्णीच्या हातातली काचेची बांगडी कात्रीनं कापणं हा तिच्या मनावरचा घाव आहे. कारण सांगा, आधी हात उंच ठेवून आणि साबणाचं पाणी लावून निघते का बघा, नाही निघाली तर कोणी काढावी ते तिला ठरवू द्या, आणि दुसऱ्या हातात तेवढ्याच घालायला सांगा.

ब्युरोकडून देखभालीसाठी आलेले मदतनीस मामा किंवा मावशी दिवसाचे बारा तास पेशंटजवळ असतात. आपण आठवड्यात तीन तास. शिकवणी त्यांनाही द्यायची, त्यांना नावानं हाक मारून, आणि ‘तुम्ही करून दाखवा’ असं म्हणून. मालक मंडळींसमोर त्यांची चूक काढली की दुसऱ्या दिवसापासून ते आपण गेल्यावर काहीच करत नाहीत.

पायरी

हाक कशी मारावी? काका-काकू, आजी-आजोबा असं म्हटलेलं बरं की नाव आणि आडनाव?

दिंडीदरवाजा

विचारा. ‘तुम्हाला काय म्हणून हाक मारू?’ निवृत्त शिक्षकाला ‘गुरुजी’ किंवा ‘सर’ हवं असतं, आणि पासष्टीची बाई ‘आजी’ म्हटल्यावर मनातून मिटते. ‘तुम्ही’ कायम. आणि ‘आपण जेवलो का? आपण शी केली का?’ हा लहान मुलांशी बोलायचा ‘आपण’ बंद. बोबडं बोलणं ऐकलं की आपोआप आपला सूर लहान मुलाशी बोलल्यासारखा होतो, त्यावर लक्ष ठेवावं लागतं.

उंबरठा

एक विषय राहून जाऊ नये: उजवा हात गेलेल्या माणसाचं डाव्या हातानं जेवण. आपल्या पुस्तकांत ‘दुसऱ्या हातानं सराव’ असं एक वाक्य असतं. पेशंटच्या मनात डावा हात शौचाचा असतो. तो हात ताटात घालणं, प्रसादाला पुढे करणं, यात त्याला किळस येते किंवा पाप वाटतं, आणि तो ते बोलत नाही. तो फक्त कमी जेवतो.

हे आपणच बोलायला काढावं. ‘डाव्या हातानं जेवणं काही जणांना नको वाटतं. तुम्हाला कसं वाटतं?’ मग मार्ग सापडतात. जेवायला चमचा, उंच काठाचं ताट, पोळीचे आधीच केलेले तुकडे. जेट दुसऱ्या बाजूला बसवून घ्यावा लागतो, प्लंबरला दाखवायची गोष्ट आहे. प्रसाद घेताना उजवा तळहात वर, खाली डाव्याचा आधार. हे करताना उजवा हात रोज उघडला जातो, त्यावर वजन येतं, डोळे तिकडे जातात. आपल्याला दोन्ही हातांचं काम हवंच होतं, आणि त्यांना उजव्या हातानं प्रसाद घ्यायचा होता.

याच धर्तीवर वाती वळणं, मटार सोलणं, मेथी निवडणं, पंचांगाची पानं उलटणं. मात्र बायकांना सरसकट स्वयंपाकघरातलं काम देऊ नका. जिनं चाळीस वर्षं पोळ्या लाटल्या तिला आता त्या लाटायच्याच नसतील, तिला फोनवर बहिणीचा नंबर लावायचा असेल.

मनगट

अवांतर, पण थोडं जोडलेलं: आपल्या देशात व्यवसायोपचाराचं पहिलं विद्यालय १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांनी सुरू केलं. जन्मानं त्या अमेरिकन. या विद्येत पहिल्यापासून साधन हे रोजचं काम आहे. म्हणून माणसाचा रोजचा दिवस माहीत नसताना त्याच्यासाठी काम निवडणं म्हणजे औषधाचं नाव न वाचता बाटली देणं.

पायरी

पेशंट मधेच रडायला लागला तर? थांबायचं की चालू ठेवायचं?

वाचासखी

आधी कुठलं रडू आहे ते ओळखा. पक्षाघातानंतर काही जणांचा भावनांवरचा मेंदूचा ताबा सैल होतो. टीव्हीवर मूल दिसलं तरी रडू, कधी हसू, आणि अर्ध्या मिनिटात संपतं. त्याला विचारा: ‘आत वाईट वाटतंय, की नुसतंच येतंय?’ नुसतंच येत असेल तर ‘हा आजाराचा भाग आहे’ सांगून नजर थोडी दुसरीकडे वळवा, संथ श्वास, काम चालू. घरच्यांनी गोळा होऊन ‘रडू नका’ म्हटलं की ते वाढतं.

आत वाईट वाटत असेल तर काम बाजूला ठेवून बसा. पक्षाघातानंतर साधारण तीनात एकाला नैराश्य येतं. झोप उडणं, जेवण तुटणं, ‘मी ओझं झालो’ असं वारंवार बोलणं दोन आठवडे टिकलं तर डॉक्टरांना कळवायचं, पेशंटला सांगून. जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल बोलला तर दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी घरच्यांना आणि डॉक्टरांना सांगायचं, आणि ‘हे मी गुप्त ठेवणार नाही’ असं त्याला तोंडावर सांगायचं. औषधानं दोन्ही प्रकार आटोक्यात येऊ शकतात, हेही सांगा.

दिंडीदरवाजा

विश्वास सर्वांत जास्त वेळा कुठे तुटतो? ‘पूर्वीसारखा होईल ना?’ या प्रश्नावर. ‘होईल, होईल’ म्हटलं तर तीन महिन्यांनी आपण खोटे ठरतो. ‘सांगता येत नाही’ म्हटलं तर माणूस त्याच दिवशी प्रयत्न सोडतो.

उत्तराचा क्रम असा ठेवा. ‘डॉक्टरांनी काय सांगितलंय?’ ‘तुम्हाला स्वतःला काय वाटतंय?’ मग आपल्याला माहीत असलेलं: हातातली सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत वेगानं होते, नंतर वेग मंदावतो, पण कामं करण्याचं कौशल्य त्यानंतरही वाढत राहतं. बोटं थोडी उघडणं आणि खांदा बाजूला उचलता येणं ही लवकर दिसली तर चांगली खूण असते. तुमच्या हातात आज इतकं दिसतंय. पुढचे दोन आठवडे आपण हे बघू, आणि त्या तारखेला मी पुन्हा याच प्रश्नाचं उत्तर देईन. ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायची आणि त्या दिवशी विषय आपण काढायचा. पेशंट पुन्हा विचारायचं धाडस करत नाही.

मनगट

तुटल्यावर काय, हेही लिहूया. नातं बिनसल्याच्या खुणा दोन तऱ्हेच्या. एक उघड: ‘तुमच्यानं काही होत नाही, पैसे वाया.’ दुसरी मूक: सगळ्याला मान डोलावणं, आपण गेलो की ‘झोपलेत’, हाताला घालायला दिलेली पट्टी उशीखाली. मूक खूण जास्त धोक्याची, कारण आपण तिला होकार समजतो.

उदाहरणार्थ हाताची पट्टी, म्हणजे स्प्लिंट, हात योग्य स्थितीत धरून ठेवणारा साचा. वापरली जात नसेल तर ‘का घातली नाही?’ असं विचारू नका, तो जाब होतो. असं बोला: ‘पट्टी कपाटात दिसली. बहुतेक मी घाई केली, टोचतेय का हे विचारलं नाही. सांगा, कुठे त्रास होतो?’ पाहिलेलं सांगितलं, आपला वाटा कबूल केला, विचारलं. उत्तर येईपर्यंत समर्थन द्यायचं नाही. मग एकच बदल करायचा, त्याच वेळी: पहिल्यांदा ३० मिनिटं घालून काढा, लाल झालेली जागा २० मिनिटांत मावळली नाही तर ती कड गरम करून बाहेर वळवा. आणि पुढच्या भेटीत पहिलं वाक्य त्याच पट्टीबद्दल. हे पाचवं पाऊल विसरलं की आधीची चार वाया.

घरच्या सरावाचंही तसंच. दोनच कामं, फार तर तीन, आणि ठरलेल्या गोष्टीला बांधून: सकाळच्या चहाला कप दोन्ही हातांनी, संध्याकाळी बातम्यांच्या वेळी टॉवेल. ‘व्यायाम केला का?’ ऐवजी ‘काल कुठे अडलं?’. पहिल्या प्रश्नाला खोटं उत्तर देणं सोपं असतं.

पायरी

रेने टेलर यांचं २००८ चं इंटेन्शनल रिलेशनशिप मॉडेल अभ्यासक्रमात आहे. बाजू घेणं, सोबतीनं ठरवणं, समजून घेणं, उभारी देणं, शिकवणं, प्रश्न सोडवणं अशा सहा तऱ्हा. प्रत्यक्षात उपयोग होतो का?

मनगट

होतो, स्वतःची सवय ओळखायला. आपल्याकडच्या बहुतेकांची सवय शिकवण्याची आणि उभारी देण्याची. पेशंट घाबरलेला असताना ‘शाब्बास, अजून पाच!’ म्हटलं की त्याला वाटतं, याला माझी भीती दिसतच नाही. भेट संपल्यावर लिहून बघा: आज मी जास्त वेळ काय केलं, आणि त्यानं कुठल्या क्षणी नजर वळवली. तऱ्हा त्या क्षणी बदलायला हवी होती.

उंबरठा

शेवट कसा करायचा तेही इथेच लिहितो, कारण तो अचानक केला की महिन्यांचं काम उसवतं. चार भेटी उरल्या असताना आकडा सांगा. अंतर वाढवत न्या: आठवडा, पंधरा दिवस, महिना. सीओपीएम पुन्हा करा आणि पहिला कागद शेजारी ठेवून पेशंटलाच वाचू द्या. काही आकडे वाढलेले नसतील, ते लपवू नका.

भेटवस्तूचा प्रसंग येतोच. पेढे घ्यावेत, तिथेच सगळ्यांनी मिळून खावेत. साडी, पाकीट, सोनं नाही: ‘माझी फी मिळाली आहे, हे घेतलं तर मला मोकळेपणानं बोलता येणार नाही.’ फोनवर व्हिडिओ काढला असेल तर तो कुठे ठेवलाय आणि कधी पुसणार ते सांगा, त्यांच्यासमोर पुसला तर उत्तम.

आणि घरी एक पान ठेवून या, मोठ्या अक्षरांत, मराठीत. त्यावर चालू ठेवायची तीन कामं, खांदा कसा धरायचा याचं साधं चित्र, आणि परत कधी बोलवायचं: हात अचानक जास्त सुजला, खांदा रात्री दुखून झोप मोडू लागली, येत असलेलं काम पुन्हा अडू लागलं. त्याखाली वेगळ्या चौकटीत, लाल शाईनं: तोंड वाकडं होणं, हातपायात नवा अशक्तपणा, बोलणं अडखळणं दिसलं तर आम्हाला फोन करण्यात वेळ घालवू नका, १०८ ला करा.